थोर पुढाऱ्यांची मनोविश्लेषणात्मक चरित्रं: पुढारी कळतो की चरित्रकार?

कडुलिंब

एरिक एरिक्सनचं ‘गांधीज् ट्रुथ’ नुकतंच वाचून संपवलं. १९६९ चं, पुलित्झर मिळालेलं पुस्तक. एरिक्सन पेशाने मनोविश्लेषक. १९६२ साली एका चर्चासत्रासाठी तो अहमदाबादला आला, साराभाईंकडे उतरला, आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की १९१८ च्या गिरणी संपात गांधींसमोर उभे ठाकलेले मालक म्हणजे आपले यजमान अंबालालशेठच. त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन मात्र कामगारांच्या बाजूने. एवढ्यावरून त्याने अख्खं पुस्तक उभं केलं.

त्याचा प्रश्न असा, की त्या संपात गांधींनी केलेल्या तीन दिवसांच्या उपोषणाची मुळं कुठे शोधायची? तो थेट १८८५ च्या राजकोटात जातो. रात्री साडेदहा-अकराचा सुमार, सोळा वर्षांचा मोहन आजारी वडिलांचे पाय चेपत बसलाय. काका म्हणतात, जा तू, मी बसतो. मोहन उठून बायकोच्या खोलीत जातो. पाच-सहा मिनिटांत नोकर दार ठोठावतो: वडील गेले. कस्तुरबा तेव्हा गरोदर, आणि ते मूलही पुढे तीन-चार दिवसच जगलं. गांधींनी स्वतःच हे ‘दुहेरी लाज’ म्हणून आत्मकथेत लिहिलंय. एरिक्सनच्या मते शत्रूचीही शुश्रूषा करायला निघालेलं गांधींचं राजकारण या खोलीतून सुरू होतं.

वाचताना अंगावर काटा येतो. पुस्तक मिटल्यावर मात्र वाटतं, राव, हे जरा जास्तच नेटकं नाही का झालं? आजारी वडिलांची सेवा करताना ऐन वेळी खोलीबाहेर असलेली मुलं त्या काळात हजारोंनी असतील. त्यांनी काही मिठाचा सत्याग्रह केला नाही.

तर प्रश्न दोन. अशा चरित्रांतून पुढारी कळतो की चरित्रकार? आणि टिळक, फुले, शिवाजी महाराज, बाबासाहेब यांचं या पद्धतीचं भरीव चरित्र मराठीत माझ्या तरी वाचनात नाही. का नसावं?

उंटावरचा शहाणा

कारण प्रकाशकाच्या दुकानाच्या काचा महाग असतात. (हलके घ्या.)

नवखा_वाचक

म्हणजे नेपोलियन बुटका होता म्हणून जग जिंकायला निघाला, असलंच ना हे?

उंटावरचा शहाणा

बुटका नव्हता हो तो. १६८ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच पुरुषांत चारचौघांसारखा. इंग्रज व्यंगचित्रकारांनी त्याला कमरेइतका करून ठेवला आणि फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा असतो हे कुणी बघितलं नाही. मग मानसशास्त्रात त्याच्या नावाचा एक गंडच निघाला. न आखुडलेल्या उंचीचा गंड!

देवगिरीकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाचनखूण साठवली.

बखरबहाद्दर

कडुलिंब, चांगला धागा. जरा सविस्तर लिहितो.

या चरित्रांचा पाया बालपण, आणि थोरांच्या बालपणाचा पुरावा जवळजवळ नेहमी ते थोर झाल्यानंतर तयार झालेला असतो. आपल्या टिळकांचंच घ्या. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही’ ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराने इयत्ता तिसरी-चौथीत भाषणात म्हटलेली आहे. ‘संत’ तीन प्रकारे लिहिल्याची गोष्टही. ही गोष्ट आपल्यापर्यंत येते ती शिष्य आणि भक्तांच्या तोंडून, राजद्रोहाच्या खटल्यात ताठ उभा राहिलेला माणूस आधी बघून. मोठेपणीचा ताठपणा ठाऊक असल्यामुळे लहानपणचा तेवढाच प्रसंग टिकला. त्याच पोराने इतर दहा वेळा मुकाट्याने टरफलं उचलली असतील, तर ते सांगायला कोण बसलंय? आता एखादा मनोविश्लेषक येणार, त्या टरफलावरून ‘अन्यायी पित्याविरुद्ध बंड’ काढणार, आणि त्याच बंडाने केसरीतले अग्रलेख समजावून देणार. हे वर्तुळ झालं, स्पष्टीकरण नव्हे.

एरिक्सनने हेच आधीच्या पुस्तकात ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरबाबत केलंय (१९५८). तरुण ल्यूथर मठात प्रार्थना चालू असताना अचानक जमिनीवर कोसळून ‘मी तो नव्हे!’ असं ओरडला, या प्रसंगावर एक प्रकरणच आहे. पण गोष्ट सांगणारे समकालीन जे तिघे, त्यातला एकही ल्यूथरचा स्नेही नव्हे. त्यांना तो सैतानाने झपाटलेला दाखवायचा होता. एरिक्सनला हे माहीत आहे, तो तसं लिहितोही. तरी म्हणतो की प्रसंग घडला नसेल तरी तो त्याच्या बाबतीत घडण्याजोगा होता. इथे इतिहासकारांनी कपाळाला हात लावला, आणि बरोबर लावला.

शिवाजी महाराजांविषयी तर बोलायलाच नको. सभासदाची बखर महाराज गेल्यावर दीड दशकाने जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. महाराजांची पत्रं आहेत, पण ती राज्यकारभाराची. ‘आज फार उदास वाटतंय’ असं कुणी देशमुखाला लिहीत नाही. वडील कर्नाटकात, मुलगा आईपाशी पुण्यात, एवढ्या भांडवलावर ‘अनुपस्थित पिता’ वगैरे लिहायला आठवडा पुरेल. त्याला चरित्र म्हणू नये.

नीलमोहर

+१. टरफलाचं उदाहरण जबरी!

कडुलिंब

बखरबहाद्दर, ल्यूथरचं मान्य. पण गांधींची गोष्ट तशी नाही ना? तिथे सांगणारा भक्तही नाही, शत्रूही नाही. स्वतः गांधीच सांगतायत.

बखरबहाद्दर

कधी सांगतायत ते बघा. वडील गेले १८८५ ला. आत्मकथा ‘नवजीवन’मध्ये छापायला लागली १९२५ च्या अखेरीस. चाळीस वर्षं गेली मध्ये. १९०६ ला ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेला माणूस मागे वळून सोळाव्या वर्षाकडे बघतोय, तेव्हा त्याला त्या रात्री वासनाच दिसणार. ती लाज १८८५ ची किती आणि १९२५ ची किती, ते वेगळं कसं करणार? गांधींनी आपल्या बालपणाचा अर्थ आधीच लावून ठेवलाय, एरिक्सनने त्यावर पदवीची मोहर उमटवली.

डॉ. खोकला

मी मानसोपचारवाला नाही, साधा फिजिशियन. पण या प्रकारच्या चरित्रांशी आमच्या जमातीचं जुनं भांडण आहे म्हणून लिहितो.

वुड्रो विल्सन, पहिल्या महायुद्धाच्या वेळचा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने बुलिट नावाच्या अमेरिकन मुत्सद्द्याबरोबर याच्यावर पुस्तक लिहिलं. फ्रॉइड विल्सनला कधी भेटलेला नाही, आणि त्याला विल्सन आवडत नव्हता हे तो प्रस्तावनेतच सांगून टाकतो. पुस्तक विल्सनची दुसरी बायको वारल्यावर, म्हणजे फ्रॉइड जाऊन पाव शतक उलटल्यावर बाहेर आलं, आणि फ्रॉइडच्या चाहत्यांनाच त्याची लाज वाटली. त्यापेक्षा कितीतरी चांगलं काम जॉर्ज दांपत्याने १९५६ मध्ये केलं होतं. त्यांचं म्हणणं असं की विल्सनचे वडील कडक धर्मोपदेशक, पोराचं लिखाण-बोलणं सतत तासणारे. पोराला बराच मोठा होईपर्यंत नीट वाचता येईना, तो त्याचा मुका विरोध. पुढे १९१९ मध्ये तहाला विरोध करणारा सेनेटर लॉज समोर आला तेव्हा विल्सनने व्हर्सायच्या तहात एक स्वल्पविराम बदलू द्यायला नकार दिला, कारण लॉजच्या जागी त्याला वडील दिसत होते. तह पडला, राष्ट्रसंघात अमेरिका गेलीच नाही.

मग आला वाइनस्टाइन, मेंदूविकाराचा डॉक्टर. तो म्हणाला, अहो, वाचता न येणं म्हणजे डिस्लेक्सिया असेल. आणि १९१९ च्या ऑक्टोबरात या माणसाला पक्षाघाताचा मोठा झटका आलाय, डावी बाजू लुळी पडलीय, बायको कुणाला खोलीत येऊ देत नाहीये. अशा रुग्णाचा हेका वाढतो, परिस्थितीचं भान सुटतं, हे आम्ही वॉर्डात रोज बघतो. त्याला वडील कशाला हवेत?

यावर दोन्ही पक्ष कित्येक वर्षं भांडले. माझा कल अर्थातच वाइनस्टाइनकडे. पण एक कबूल करायला हवं: झटका येण्याआधीही, प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष असताना, विल्सनने असाच हट्ट करून असाच पराभव ओढवून घेतला होता. जॉर्ज दांपत्याचा मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही.

नवखा_वाचक

डॉक्टर, मग शारीरिक व्यंग असलं की मानसिक स्पष्टीकरणाची गरज नाही असं म्हणायचंय का?

डॉ. खोकला

तसंही नाही. जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा बघा. १८५९ ला जन्मताना पायाळू, ओढाताणीत डाव्या हाताच्या नसा दुखावल्या, हात कायमचा आखूड आणि निकामी राहिला. बरा करण्यासाठी काय काय केलं? उजवा हात बांधून ठेवायचा, म्हणजे पोर डावा वापरेल. नुकत्याच मारलेल्या सशाच्या ऊबदार शरीरात तो हात घालून ठेवायचा. विजेचे झटके. हे सगळं राजवाड्यात, त्या काळच्या उत्तम डॉक्टरांकडून.

एमिल लुडविगने १९२० च्या दशकात त्याचं गाजलेलं चरित्र लिहिलं: अख्खा कैसर त्या हातातून निघाला, न्यूनगंडातून डरकाळ्या. त्यावर फ्रॉइड म्हणाला, नाही, हातामुळे नाही. अशा मुलाला आई सहसा जास्त माया लावते. इथे अभिमानी आईने व्यंगामुळे माया आखडली, ते खरं कारण. हात एकच, निदानं दोन. तपासायला रुग्ण हजर नाही. आमच्याकडे असं झालं तर निदान शवविच्छेदन तरी करता येतं.

उंटावरचा शहाणा

डॉक्टर, कान तर राहिलाच. चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःचा कान का कापला याची विल्यम रनयन नावाच्या अभ्यासकाने यादी केली होती, तेरा स्पष्टीकरणं भरली. तो पुढारी नव्हता म्हणून तेरावर भागलं.

अटलांटिकपार

इथे अमेरिकेत या विषयाला कायद्याची फोडणी मिळालेली आहे. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा होता. ‘फॅक्ट’ नावाच्या मासिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना प्रश्न पाठवला: हा माणूस मानसिकदृष्ट्या या पदाला लायक आहे का? २,४१७ जणांनी उत्तरं दिली आणि त्यातले १,१८९ म्हणाले, नाही. एकानेही त्याला तपासलेलं नव्हतं. गोल्डवॉटर निवडणूक हरला, पण मासिकावर खटला भरून जिंकला. मग १९७३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीचं निदान जाहीरपणे करायचं नाही.

गंमत बघा, जिवंत माणसाला हे संरक्षण, मेलेल्याला काही नाही. मेलेला उठून ‘मला निदान तपासा तरी’ म्हणू शकत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. १९४३ मध्ये वॉल्टर लँगर या मनोविश्लेषकाने अमेरिकी हेरखात्यासाठी हिटलरवर गुप्त अहवाल लिहिला. हिटलरला न भेटता, ओळखणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन. पराभव समोर दिसला की तो बहुधा आत्महत्या करेल, असं त्यात लिहिलंय. १९७२ ला अहवाल पुस्तकरूपाने छापला तेव्हा लोक थक्क झाले. त्याचा भाऊ विल्यम लँगर मोठा इतिहासकार. त्याने १९५७ मध्ये अमेरिकन इतिहासकारांच्या परिषदेत अध्यक्षपदावरून सांगितलं, आता आपण मनोविश्लेषण शिकलं पाहिजे. घरात काय गप्पा चालत असतील!

बखरबहाद्दर

त्याच अहवालात हिटलरच्या बालपणाबद्दल आणि लैंगिक सवयींबद्दल जे ठोकून दिलंय तेही वाचा. त्यातलं कितीतरी पुढे टिकलं नाही. आत्महत्येचं भाकीत बरोबर आलं ते त्याच्या राजकीय वागण्यावरून, पाळण्यावरून नाही.

देवगिरीकर

पॉपकॉर्न संपले म्हणून लिहितो. आमच्या खुलताबादेत ज्याची कबर आहे त्याच्यावर असं चरित्र लिहा की. कच्चा माल भरपूर आहे. बापाने जहांगीरविरुद्ध बंड केलं, ते फसलं, आणि १६२६ मध्ये आठेक वर्षांचा औरंगजेब आजोबाच्या दरबारात ओलीस म्हणून रवाना. चौदाव्या वर्षी पिसाळलेल्या हत्तीसमोर घोड्यावरून भाला घेऊन उभा. बापाचा लाडका मात्र दारा. पुढे बाप कैदेत, भाऊ ठार. मग स्वतःचा मुलगा अकबर बंड करून संभाजीराजांकडे येतो. म्हातारपणी मुलांना लिहिलेली पत्रं तर अशी आहेत की वाचवत नाहीत: मी कोण, काय करत होतो, काही कळत नाही, असा सूर. बालपणही आहे आणि कबुलीही आहे!

संपादक

धागा मनोविश्लेषणात्मक चरित्रांवर आहे. कबरीवर नाही. पुढचे प्रतिसाद त्या अंगाने आले तर उडवले जातील.

नीलमोहर

देवगिरीकर, त्या ओलिसांत दाराही होता ना? दोघे भाऊ बरोबरच गेले होते. बाप तोच, आजोबा तोच, ओलीसपण तेच. त्यातून एकाने उपनिषदं फारसीत आणली आणि दुसऱ्याने त्या पहिल्याला मारलं. मग ओलीसपणाने नक्की काय समजावलं?

देवगिरीकर

दारा अकरा वर्षांचा होता आणि बापाचा लाडका होता. ओलीस ठेवलेल्या लाडक्याला बाप परत येईल याची खात्री असते, नावडत्याला नसते.

उंटावरचा शहाणा

देवगिरीकर, तुम्हाला फ्रॉइड चावला.

सातारकरीण

आत्तापर्यंत कुणी बाबासाहेबांवर बोललं नाही, म्हणून लिहिते. माझा विरोध पुराव्यावरून नाही. पुरावा इथे स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला मसूर स्टेशनचा प्रसंग आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. सुमारे १९०१. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल. त्यांना भेटायला ही मुलं साताऱ्याहून निघाली, नवे कपडे, जरीच्या टोप्या. न्यायला कुणी आलं नाही, कारण पत्र पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी प्रेमाने चौकशी करतो. महार आहोत म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाले बसवून घ्यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाड्यावर ठरतं, तेही असं की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार. रात्रभर डबा सोबत आणि प्यायला पाणी नाही.

आता याचं मनोविश्लेषणात्मक चरित्र लिहा म्हटलं की काय होणार? ‘बालपणीचा आघात’, मग ‘त्यातून आलेला संताप’, मग महाडचं चवदार तळं. झालं! जातिव्यवस्था एका मुलाच्या मनातली जखम होऊन बसली. ती जखम त्यांच्या मनात होती की नाही हा प्रश्नच नाही. पण त्यांनी तो प्रसंग लिहिला तो मन मोकळं करायला नव्हे. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या माणसाला समजत नाही, म्हणून उदाहरणं देतो, असं म्हणून ते सुरुवात करतात. त्याच लिखाणात पुढे काठियावाडमधल्या एका शिक्षकाची हकीकत आहे, ज्याच्या बाळंतीण बायकोला डॉक्टर हात लावत नाही आणि ती दगावते. स्वतःची हकीकत आणि त्या शिक्षकाची हकीकत एकाच रांगेत. हे वकिलाचं टाचण आहे. त्याला रुग्णाची फाइल करू नका.

डॉ. खोकला

सातारकरीणताई, हा प्रतिसाद या धाग्यातला सर्वोत्तम. शिक्षकाच्या हकीकतीकडे असं बघितलं नव्हतं.

कडुलिंब

ताई, मुद्दा पोचला. पण तुमच्याच मुद्द्यावरून मला एरिक्सनची बाजू घ्यावीशी वाटते. पुस्तकाचा सगळ्यात चांगला भाग राजकोटचा नाहीच. तो अहमदाबादचा आहे. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज भरणाऱ्या सभा. मागणी ३५ टक्के वाढीची, मालक २० वर अडलेले. दिवस जातायत, चुली थंड पडतायत, आणि एका चाळीतून कामगारांचा टोमणा येतो: गांधी आणि अनसूयाबेनना काय जातंय, ते मोटारीतून येतात-जातात, पोटभर जेवतात. हा टोमणा कानावर आल्यावर गांधी उपोषण जाहीर करतात. तेही आधी काही न ठरवता, सभेत बोलता बोलता. मग तडजोड अशी की पहिल्या दिवशी ३५, दुसऱ्या दिवशी २०, आणि लवाद आनंदशंकर ध्रुव यांचा निवाडा येईपर्यंत साडेसत्तावीस. दोघांचीही प्रतिज्ञा एकेक दिवस खरी! निवाडा पुढे ३५ चाच आला.

हे सगळं एरिक्सनने १९१८ मधल्या जिवंत साक्षीदारांना भेटून गोळा केलंय. अंबालालशेठशी, अनसूयाबेनशी बोलून. इथे माणूस दिसतो: टोमणा कुठे लागतो, आणि लागल्यावर तो काय करतो. त्याला पाळणा लागत नाही.

बखरबहाद्दर

मग ते उत्तम इतिहासलेखन आहे. त्याला मनोविश्लेषण कशाला म्हणायचं?

कडुलिंब

कारण कुठला टोमणा लागतो याकडे बघायची नजर त्याला त्या धंद्याने दिली. साध्या इतिहासकाराने टक्केवारी लिहून पुढचं प्रकरण घेतलं असतं.

अटलांटिकपार

‘पुढारी कळतो की चरित्रकार’ या मूळ प्रश्नावर थोडं. एरिक्सनला स्वतःचा जन्मदाता बाप कोण हे आयुष्यभर कळलं नाही. आडनाव आधी सावत्र बापाचं, होमबर्गर. अमेरिकेचा नागरिक झाल्यावर १९३९ मध्ये त्याने ‘एरिक्सन’ हे नवीन आडनाव स्वतःच घेतलं. एरिकचा मुलगा, एरिकच! आणि हाच माणूस ल्यूथर आणि गांधी यांच्यात ‘बापाशी हिशेब चुकवणारा मुलगा’ शोधतो.

आणखी एक. गांधींच्या पुस्तकात मधोमध त्याने गांधींनाच उद्देशून लांबलचक पत्र लिहिलंय. घरच्यांशी तुम्ही प्रामाणिक नव्हता, सत्याच्या नावाखाली त्यांच्यावर हिंसा केलीत, असा त्याचा रोख. त्याच एरिक्सनच्या घरी १९४४ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा जन्मला. त्याला संस्थेत ठेवलं आणि बाकीच्या मुलांना सांगितलं, बाळ जन्मताच गेलं. हे एरिक्सनच्या चरित्रामुळे पुढे उजेडात आलं.

नीलमोहर

बाप रे. हे वाचून ते पत्र पुन्हा काढून वाचलं. आता ते गांधींना लिहिलेलं वाटतच नाही.

उंटावरचा शहाणा

आता एरिक्सनच्या चरित्रकाराच्या बालपणाची चौकशी करावी लागेल. धागा शंभरी गाठणार.

बखरबहाद्दर

मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा राहिला: मराठीत का नाही. शहाण्यांनी काचांचा विनोद केला, तो काही अगदीच विनोद नाही. पण माझ्या मते मोठं कारण असं की आपल्याकडे चरित्र म्हणजे कार्याचा आढावा. केळकरांनी टिळकांचे तीन जाडजूड खंड लिहिले. इतकी वर्षं सोबत काढलेला माणूस. त्यात केसरीचे हिशेब, खटले, काँग्रेसमधली भांडणं, सगळं आहे. टिळकांना रात्री झोप यायची का, याची चौकशी करणं केळकरांना अशिष्ट वाटलं असतं.

पण सामग्री नाही असं नाही. ती बालपणात नाही, मंडालेत आहे. टिळक तिथे सहा वर्षं. तिथून भाच्याला लिहिलेली पत्रं बहुतेक सगळी पुस्तकांची मागणी, खटल्याचे पैसे, मुलांचं शिक्षण अशी कोरडी. गीतारहस्याचा कच्चा खर्डा १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने काही महिन्यांत लिहून काढला, त्याबद्दलही एक व्यवहारी सूर. आणि मग १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्याची तार येते. त्यावरच्या पत्रात हा माणूस कबूल करतो की संकटं शांतपणे झेलायची मला सवय आहे, पण या धक्क्याने मी हललो. आपण तिच्यापाशी नव्हतो, याचं दुःख जास्त आहे, असंही लिहितो. आणि मग मुलांची व्यवस्था कशी लावायची, त्यांनी अभ्यास कसा चालू ठेवायचा, याकडे वळतो.

निष्काम कर्मावर शेकडो पानं लिहून झाल्यावर सव्वा वर्षाने आलेलं हे पत्र. लिहायचं तर इथून लिहा. टरफलं राहू द्या.

सातारकरीण

हे वाचायला आवडेल. फक्त त्या पत्राने गीतारहस्य ‘समजावून’ देऊ नका म्हणजे झालं.

कडुलिंब

बखरबहाद्दर, मग लिहाच. दोनतीन भागांत टाका, फोटोसकट.

बखरबहाद्दर

बघतो. आधी पत्रांचा संग्रह ग्रंथालयातून मिळवायला हवा, गेल्या खेपेला कुणीतरी परत केलेला नव्हता.

उंटावरचा शहाणा

तो न परत करणाऱ्याचं बालपण कसं गेलं असेल?

नवखा_वाचक

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि बखरबहाद्दर, संग्रह मिळाला की इथे प्रकाशकाचं नाव टाका, मी कोथरूडला शोधतो.